ससूनचं डोमिसाईल

मराठी विभागासाठी काहीतरी दे, असं आमच्या विंगमधल्या संपादक महाशयांनी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी माझा मेसचा डबाच उचलून नेला, त्यामुळे नाईलाज झाला. आधीच कबूल करतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोललं की दंड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका प्रूफ तपासणाऱ्याच्या माथी, आणि बरं काही सापडलं तर ते आमच्या आजीचं.

लेख एका माणसावर आहे, सर व्हिक्टर ससून. ससून म्हटलं की पुण्याच्या मुलांना हॉस्पिटल आठवतं आणि मुंबईच्या मुलांना डॉक, तेही नाकावर रुमाल धरून. हा त्याच घराण्यातला, पण तिसऱ्या-चौथ्या पिढीतला. मी याच्यापर्यंत पोचलो ते इतिहासाच्या आवडीने नाही, एका अर्जामुळे. माझे आजोबा गिरणगावात विणकर होते. गिरणी कामगारांसाठी जी घरांची योजना आहे तिच्यात १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो. आजोबांकडे हजेरीचं तिकीट आहे, एक पासबुक आहे, पण तिकिटावर गिरणीचं एक नाव आणि पासबुकावर दुसरं. खिडकीमागच्या साहेबांचं म्हणणं असं की ही दोन वेगळी आस्थापनं आहेत. आजोबांचं म्हणणं असं की ते तीस वर्षं एकाच दरवाजातून आत गेले. गिरणी कुठली ते इथे लिहीत नाही, अर्ज अजून चालू आहे.

मागच्या मे महिन्यात बाबांनी मला कामाला लावलं. गिरण्यांची नावं कधी, कशी बदलली ते शोध, इंटरनेट फुकट वापरतोस ना. त्या शोधात इंडिया युनायटेड मिल्स सापडल्या. त्यांच्या एक नंबरचं जुनं नाव जेकब ससून मिल. सहा नंबरची म्हणजे दादरची इंदू मिल, जिथे २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं. हा सगळा गट १९४३ पर्यंत ई. डी. ससून युनायटेड मिल्स या नावाने होता आणि त्याचा मालक व्हिक्टर. आजोबांचा प्रश्न यातून सुटला नाही, पण मी या माणसात अडकलो तो अडकलोच.

थोडी वंशावळ, कंटाळू नका. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास बगदादचा छळ चुकवून मुंबईत आला. कापूस, सूत आणि अफू. अफूचा उल्लेख टाळून ससूनांवर पुष्कळ लेख लिहिले गेलेत, पण माळव्याची अफू चीनला पोचवून आलेला पैसा नसता तर काळा घोड्याची लायब्ररीही नसती आणि पुण्याचं लाल देऊळही नसतं. डेव्हिडचा दुसरा मुलगा इलायस. थोरल्या भावाशी त्याचं जमलं नाही आणि १८६७ मध्ये त्याने स्वतःची ई. डी. ससून कंपनी काढली. इलायसचा मुलगा जेकब याने मुंबईत गिरण्या वाढवल्या आणि सायन्स इन्स्टिट्यूटला मोठी देणगी दिली. फोर्टातलं ते निळं सिनेगॉग आहे ना, तेही १८८४ मध्ये जेकबने वडिलांच्या नावाने बांधलं. १९०९ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब मिळाला, आणि किताबाच्या पुढे गावाचं नाव होतं मुंबई. जेकब वारला, किताब भावाकडे गेला, भाऊ १९२४ मध्ये वारला आणि त्याचा मुलगा व्हिक्टर तिसरा बॅरोनेट झाला.

व्हिक्टर जन्मला २० डिसेंबर १८८१ ला, इटलीत नेपल्सला. शिकला इंग्लंडमध्ये, हॅरो आणि मग केंब्रिज. म्हणजे तोही एका अर्थी कॉन्व्हेंटवालाच! पहिल्या महायुद्धात विमानदळात गेला आणि १९१६ मध्ये विमान कोसळून दोन्ही पायांना जबर दुखापत झाली. तेव्हापासून आयुष्यभर काठ्या. त्याच्या बहुतेक फोटोंत काठी दिसते, आणि बहुतेक फोटोंत तो पार्टीत असतो. फोटो काढायचाही त्याला भारी नाद होता.

१९२० च्या दशकात तो मुंबईत होता. मध्यवर्ती कायदेमंडळात सभासद होता, रेसकोर्सवर होता, आणि गिरण्यांमध्ये होता. इथे प्रॉडक्शनवाल्यांनी लक्ष द्यावं. १९२७-२८ मध्ये ससून गटाच्या गिरण्यांत कार्यक्षमतेची नवी पद्धत आणली गेली. तोपर्यंत एक विणकर दोन माग सांभाळायचा, त्याला तीन द्यायचे. आपण जे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात वर्क स्टडी म्हणून लिहितो आणि दहापैकी सात मार्क घेतो, ते हेच. तीन माग म्हणजे तीन विणकरांच्या जागी दोन. कामगारांनी हिशोब केला आणि बाहेर पडले. १९२८ चा मुंबईचा सार्वत्रिक संप जवळजवळ सहा महिने चालला, गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली. माझे पणजोबा त्या संपात होते असं घरात सांगतात. सांगणारे आता कोणी नाहीत, त्यामुळे यावर जोर देत नाही.

मजा म्हणजे पुढच्याच वर्षी सरकारने भारतातल्या मजुरांच्या स्थितीवर जो रॉयल कमिशन नेमला त्यात व्हिक्टर ससून सभासद होता, आणि त्याच टेबलावर ना. म. जोशीही होते. हो, लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग, तेच. गिरणीमालक आणि कामगारांचा पुढारी एकाच अहवालावर सही करतात हे मला आधी खरं वाटलं नाही. अहवाल १९३१ मध्ये आला. त्याच सुमारास ससूनने आपला कारभार मुंबईहून शांघायला हलवत असल्याचं जाहीर केलं.

का हलवला? संप हे एक कारण, स्वदेशी आणि बहिष्कार हे दुसरं, आणि तिसरं कर. भारतात इन्कम टॅक्स होता, १९१७ पासून त्यावर सुपर टॅक्स होता. शांघायमध्ये तसं काहीच नव्हतं. आणि आता माझ्या शीर्षकाचा मुद्दा येतो.

आपल्या सगळ्यांना डोमिसाईल सर्टिफिकेट माहीत आहे. कॅप राऊंडच्या आधी तहसील कचेरीत ज्याच्यासाठी रांग लावली तेच. कंपनीलाही डोमिसाईल असतं. कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत एक माणूस, आणि ती ज्या मुलखाच्या रजिस्टरमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली तो तिचा जन्मगाव. इंग्लिश कायद्यात हा जन्मगाव बदलत नसे. माणूस निदान दुसऱ्या गावी जाऊन कायमचा राहिला तर त्याचं डोमिसाईल बदलतं, कंपनीचं मरेपर्यंत तेच.

पण कंपनीला जन्मगावाशिवाय राहण्याचं ठिकाणही असतं, आणि कर लागतो तो बहुतेक वेळा राहण्याच्या ठिकाणावरून. याचा गाजलेला निवाडा १९०६ चा, डी बियर्स कंपनीचा. हिरे दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला, नोंदणी तिथलीच, पण मुख्य निर्णय घेणारे संचालक लंडनमध्ये बसायचे. हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की जिथे डोकं बसतं तिथे कंपनी राहते, खाणीतले हात कुठे आहेत याला महत्त्व नाही. म्हणजे संचालकांच्या बैठकीची खोली बदलली की कंपनीने घर बदललं. आमच्या रूमवर पार्टनर बदलला तरी रेक्टरांचे तीन फॉर्म भरावे लागतात.

शांघाय तर आणखी विचित्र. ते ब्रिटिशांची वसाहत नव्हतं, चीनचं शहर होतं, पण तिथल्या ब्रिटिश माणसावर चिनी कायदा चालत नसे. त्यांची स्वतःची कोर्टं होती. मात्र कंपनी नोंदवायला वसाहतच लागायची, म्हणून शांघायमधल्या ब्रिटिश कंपन्या हाँगकाँगच्या कायद्याखाली नोंदायच्या आणि धंदा शांघायला करायच्या. १९१५ च्या एका ब्रिटिश हुकुमाने अशा कंपन्यांसाठी खास नियम घातले होते, त्यांना चायना कंपनी असं नावच पडलं. ससूनने १९३० मध्ये ई. डी. ससून बँकिंग कंपनी काढली ती हाँगकाँगला. म्हणजे कुटुंब बगदादचं, किताब मुंबईचा, शिक्षण केंब्रिजचं, नोंदणी हाँगकाँगची आणि मालमत्ता शांघायची. माझा आधार कार्डावरचा पत्ता आणि हॉस्टेलचा पत्ता वेगळा आहे म्हणून बँकेने खातं उघडायला दीड महिना लावला होता.

शांघायमध्ये त्याने जे बांधलं ते बघण्यासारखं आहे. नदीकाठच्या बंडवर १९२९ मध्ये उघडलेलं ससून हाऊस आणि त्यातलं कॅथे हॉटेल, वर हिरवं तांब्याचं पिरॅमिडसारखं छप्पर. सिव्हिलच्या मित्राने सांगितलं की शांघायची जमीन म्हणजे नदीचा गाळ, खडक फार खोल, तिथे एवढी उंच इमारत उभी करणं म्हणजे दह्यावर वीट ठेवणं. त्याशिवाय हॅमिल्टन हाऊस, मेट्रोपोल, ग्रोव्हनर हाऊस, एम्बँकमेंट हाऊस. यातल्या शेवटच्या इमारतीबद्दल दोन शब्द. १९३८ नंतर हिटलरच्या छळातून सुटलेले हजारो ज्यू शांघायला उतरले, कारण जगात जवळजवळ तेवढं एकच बंदर व्हिसा न विचारता आत घेत होतं. त्यांच्यासाठी ससूनने एम्बँकमेंट हाऊसचा तळमजला उघडून दिला आणि मदतनिधीला पैसे दिले. तीन माग देणारा माणूस तोच आणि तळमजला देणाराही तोच. मी दोन्ही लिहून ठेवतो.

युद्ध मात्र आधीच दारात होतं. १४ ऑगस्ट १९३७ ला कॅथे हॉटेलच्या दारातच बॉम्ब पडले, रस्त्यावर शेकडो माणसं मेली. पुढे ८ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी शांघायची आंतरराष्ट्रीय वसाहत ताब्यात घेतली आणि नाताळच्या दिवशी हाँगकाँग पडलं. व्हिक्टर त्या वेळी शांघायबाहेर होता म्हणून छावणीत जाण्यापासून वाचला.

आता कागदांची अवस्था बघा. जन्मगाव शत्रूच्या हातात, राहण्याचं ठिकाणही शत्रूच्या हातात. ब्रिटिश कायद्यात शत्रूने व्यापलेल्या मुलखातून चालणारी कंपनी शत्रूसारखीच धरली जाई, मालक कितीही निष्ठावान असो. तिच्याशी व्यवहार करणं गुन्हा. त्यामुळे युद्धात सगळ्यांची धावपळ झाली ती डोकं सुरक्षित जागी नेण्याची. हाँगकाँग शांघाय बँकेनेसुद्धा आपलं मुख्यालय लंडनला नेलं आणि १९४६ मध्ये परत हाँगकाँगला आणलं. आणि जानेवारी १९४३ च्या करारात ब्रिटनने चीनमधले आपले खास हक्क सोडून दिले. म्हणजे शांघायमधल्या त्या सगळ्या हाँगकाँगी कंपन्या एका सहीने साध्या परदेशी कंपन्या झाल्या, चिनी कायद्याखाली.

त्याच १९४३ मध्ये ससूनने मुंबईच्या गिरण्या विकल्या. एका मारवाडी व्यापारी गटाने त्या घेतल्या आणि नाव ठेवलं इंडिया युनायटेड. युद्धामुळे कापडाला तुफान मागणी होती, भाव चढे होते, विकायला याहून चांगली वेळ सापडली नसती. गेटवरची पाटी बदलली. आत माग तेच, भोंगा तोच, जॉबर तोच. पुढे या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, तेव्हा पाटी पुन्हा बदलली.

युद्ध संपल्यावर बाकीच्या इंग्रज कंपन्यांनी धूळ झटकून शांघायमध्ये परत दुकानं मांडली. ससूनने उलट केलं. चिनी चलन रोज घसरत होतं, यादवी चालू होती, आणि त्याला मुंबईत एकदा हाच वास आला होता. मिळेल त्या भावाने इमारती विकायला काढल्या आणि धंद्याचं बिऱ्हाड हलवलं. कुठे, तर बहामाज बेटांवर नासाऊला! नकाशावर शांघायपासून याहून लांब जाता येईल अशी जागा शोधून बघा. पण कायद्याच्या नकाशावर ते शेजारचं घर होतं. तीही ब्रिटिश वसाहत, तिथला कंपनी कायदा १८६६ चा, इंग्लिश कायद्यावरूनच घेतलेला. चलन स्टर्लिंगच्या गटातलं, म्हणजे पौंड तिकडे न्यायला डॉलरएवढा त्रास नाही. आणि इन्कम टॅक्स शून्य. हाँगकाँगमध्येही १९४० मध्ये युद्धखर्चासाठी कर सुरू झाला होता, हे विसरू नका.

आता जन्मगाव बदलत नाही म्हटलं, मग कंपनी एका वसाहतीतून दुसरीत जायची कशी? त्या काळची रीत अशी. नव्या वसाहतीत त्याच किंवा तसल्याच नावाची नवी कंपनी नोंदवायची. जुन्या कंपनीच्या भागधारकांनी आपले शेअर नव्या कंपनीला द्यायचे, बदल्यात नव्या कंपनीचे घ्यायचे. मग जुनीची मालमत्ता एकेक करून नवीच्या नावे करायची. जहाज, रोखे, बँकेतली शिल्लक, सगळ्याचा वेगळा दस्त, वेगळा स्टॅम्प. देणेकऱ्यांना विचारावं लागतं, कारण त्यांनी उधार दिलं ते जुनीला. शेवटी लिक्विडेटर नेमून जुनीला रीतसर मारायचं. बाहेरच्या जगाला वाटतं कंपनी हलली. प्रत्यक्षात एक मेली आणि एक जन्मली, मधे फक्त वकिलांची बिलं. एवढं नको असेल तर डी बियर्सची वाट, नोंदणी राहू द्यायची तिथेच आणि बैठकीची खोली तेवढी बदलायची.

एक गोष्ट मात्र या रीतीत बसत नाही, ती म्हणजे जमीन. रोखे नासाऊला जातात, कॅथे हॉटेल जात नाही. जमिनीवर कायदा चालतो तो ती जिथे आहे तिथला. मे १९४९ मध्ये शांघाय कम्युनिस्टांच्या हाती गेलं तेव्हा विकल्या न गेलेल्या इमारती तशाच उभ्या होत्या आणि त्यांचे कर आणि नोकरांचे पगार चालू होते. नात्यातला लुसिअन ओवाडिया हा तिथला मॅनेजर. मालक बेटावर, आणि हा शांघायमध्ये वाटाघाटी करत बसलेला, देश सोडायचा परवाना मिळेना. या लेखाचा नायक ओवाडियाला करायला हवा होता असं मला मधेच वाटून गेलं. १९५० च्या दशकात त्या इमारती सरकारजमा झाल्या. कॅथे हॉटेल १९५६ पासून पीस हॉटेल झालं.

व्हिक्टरचं पुढचं आयुष्य घोड्यांचं. इंग्लंडची डर्बी त्याच्या घोड्यांनी चार वेळा जिंकली: १९५३ ला पिंझा, १९५७ ला क्रेपेलो, १९५८ ला हार्ड रिडन, १९६० ला सेंट पॅडी. पिंझाची शर्यत राणीच्या राज्याभिषेकानंतर चारच दिवसांनी होती आणि दुसरा आलेला घोडा खुद्द राणीचा होता. १९५९ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याने आपली अमेरिकन नर्स एव्हलिन बार्न्स हिच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९६१ मध्ये नासाऊला वारला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मुंबईचा तो किताब तिथेच संपला. त्याच्या डायऱ्या आणि फोटो अमेरिकेत डॅलसच्या एका विद्यापीठात ठेवलेत, एव्हलिन तिकडची. बँक १९७० च्या दशकात लंडनच्या वॉलेस ब्रदर्समध्ये मिसळली आणि ती पुढे स्टँडर्ड चार्टर्डमध्ये.

हे सगळं मी आजोबांना एका रविवारी सांगितलं. हाँगकाँग, नासाऊ, जुनी मरते नवी जन्मते, सगळं. ते ऐकत होते, मधे चहा गार झाला. मग त्यांनी विचारलं की जुनी कंपनी मारताना कामगारांची यादी नवीकडे कोणी दिली होती का. मी म्हटलं, मालमत्तेची यादी देतात, कामगारांची द्यावीच लागते असं तेव्हा नव्हतं. आपल्या कायद्यात धंद्याचा मालक बदलला तर कामगाराची नोकरी अखंड धरायची, नाहीतर भरपाई द्यायची, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नंतर घातली गेली. कलम २५ एफएफ. हे मला लायब्ररीत सापडलं, आणि आजोबांच्या तिकिटावरचं साल त्याच्या बरंच नंतरचं आहे.

म्हणजे नाव बदललं तरी नोकरी एकच धरायला हवी, निदान तसा युक्तिवाद करता येतो. हा मुद्दा मी अर्जाला जोडायच्या पत्रात घातलाय. पत्र मराठीत आहे, आजीने तीन वेळा तपासलंय. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा त्या खिडकीवर जायचंय, या वेळी आजोबांना घेऊन. रांग सकाळी सातला लागते.